सकाळी न फुटणारी काडतुसं : शिरपूरकडच्या एका पॉइंट टू-टू रायफलीचं प्रकरण

धुळ्यात माझं परवानाधारक बंदूक दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांनी चालवलं, आता मी चालवतो. इथे येणारं बहुतेक काम बारा बोअरचं, म्हणजे छऱ्यांच्या बंदुकीचं असतं. लाकडी दस्ता चिरलाय, नळीला गंज आलाय, घोडा अडकतोय, असलं. पॉइंट टू-टू, म्हणजे .२२ इंची बारीक नळीची रायफल, क्वचित येते आणि लिव्हरवाली पॉइंट टू-टू तर वर्षा-दोन वर्षांत एखादी. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय. दुसरं कारण असं, की यात पहिलं निदान मी चुकवलं. ते कसं चुकलं हे ज्यांच्या घरी अशी जुनी रायफल आहे त्यांच्या उपयोगाचं आहे.

रायफल शिरपूर तालुक्यातल्या, सातपुड्याच्या पायथ्याशी शेती असलेल्या एका गृहस्थांची. वय पंचाहत्तरीच्या पुढे. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं, मीही तेच म्हणतो. रायफल त्यांच्या वडिलांनी मुंबईहून आणलेली, अमेरिकन बनावटीची. नळीखाली काडतुसांची लांब नळी म्हणजे मॅगझिन, चाप दाबला की पिनवर आदळणारा, बाहेर दिसणारा घोडा, आणि चापाभोवतीची कडी म्हणजेच लिव्हर. ती खाली ओढली की फुटलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाजूने बाहेर पडते, वर घेतली की नवं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरात जातं. वारसाहक्काने परवाना आबांच्या नावावर झाला. शिकारीचा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव कायद्याने कधीच मिटवला, आणि रानडुकरावर पॉइंट टू-टू चालवणं म्हणजे त्या जनावराला जखमी करून हालहाल करणं, हे आबा स्वतःच सांगतात. थंडीच्या दिवसांत रविवारी सकाळी जीप काढायची, सावळद्याच्या पुलावरून तापी ओलांडून धुळ्याकडे यायचं, रेंजवर वीस-पंचवीस गोळ्या कागदावर मारायच्या, एवढाच त्यांचा शौक.

डिसेंबर २०२४ च्या एका रविवारी अकराच्या सुमारास ते थेट घरी आले. दुकान बंद होतं, पण आबांसाठी उघडलं. त्यांनी खिशातून काडीपेटी काढून टेबलावर रिकामी केली. आत सहा काडतुसं, सगळी न फुटलेली.

"घोडा पडस, पन गोळी फुटत नही," आबा म्हणाले. वीसपैकी सहा.

पुढचं समजायला रिमफायर काडतुसाची गोष्ट आधी सांगायला हवी. बारा बोअरच्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध टोपी असते, पिन तिच्यावर बसते. पॉइंट टू-टूला टोपीच नसते. पितळी पुंगळीच्या बुडाची कडा, म्हणजे रिम, आतून पोकळ असते. ठिणगी देणारा मसाला ओला असताना पुंगळी गरगर फिरवून तो या पोकळीत पसरवलेला असतो. फायरिंग पिन मागून कडेवर आदळते, कडेच्या पुढच्या बाजूला चेंबरचं पोलादी तोंड असतं. या दोहोंमध्ये कडा चिरडली जाते, मसाला दाबला जातो आणि पेट घेतो. म्हणजे इथे हातोडा हवा तशी ऐरणही हवी. पिन हा हातोडा, चेंबरचं तोंड ही ऐरण. लोक हातोडाच बघतात. मीही पहिल्या दिवशी तेच केलं.

ही रचना जुनी आहे. पॉइंट टू-टू शॉर्ट १८५७ मध्ये आलं, आज सगळीकडे चालणारं पॉइंट टू-टू लाँग रायफल १८८७ मध्ये. आणि काडतूस न फुटण्याची धास्तीही तितकीच जुनी. १८६० ची हेन्री ही लिव्हरवाली रायफल रिमफायरच होती. मसाला एखाद्या ठिकाणी पातळ बसला असेल तरी दुसऱ्या ठिकाणी पेटावा म्हणून तिच्यात पिनला दोन टोकं ठेवली होती, कडेवर एकाच वेळी समोरासमोर दोन घाव. आबांच्या रायफलीला एकच टोक आहे. कडेवर ते जिथे पडेल तिथे सगळं नीट असावं लागतं.

पहिला रविवार : मी काय केलं

काडीपेटीतली दोन-तीन काडतुसं उचलून बघितली. कडेवर पिनची खूण होती, पण फिकी, नखाने कागद दाबल्यासारखी. नीट फुटलेल्या पुंगळीवरची खूण खोल आणि ठसठशीत असते. फिकी खूण म्हणजे घोड्यात जोर नाही, आणि जोर नाही म्हणजे स्प्रिंग थकलेली, असा हिशेब मी तिथल्या तिथे मांडला. रायफल पन्नास-साठ वर्षांची, त्यामुळे तो पटलाही. नोंदवहीत रायफलीचा नंबर आणि परवान्याचा तपशील लिहिला, घोड्याची स्प्रिंग बाहेर काढली आणि माझ्याकडच्या नव्या स्प्रिंगशेजारी ठेवली. जुनी थोडी आखूड झाली होती. नवी जरा जास्त कडक होती, ती बसवली. दुपारी तीन वाजता रेंजवर जाऊन आबांनी दहा गोळ्या मारल्या. दहाच्या दहा फुटल्या. आबा खूश होऊन घरी गेले.

पुढच्या रविवारी सकाळी परत तेच.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. त्या दिवशी मी सहाच्या सहा काडतुसं भिंगाखाली धरली असती तर आठवडा वाचला असता. नंतर तीच काडीपेटी पुन्हा तपासली, तेव्हा सहापैकी चार खुणा फिक्या निघाल्या आणि दोन चांगल्या खोल. म्हणजे दोन वेगळी दुखणी पहिल्याच दिवशी माझ्या टेबलावर पडली होती. वरची दोन-तीन बघून मी उरलेल्यांचाही निकाल लावून टाकला. आपल्याकडे काडतुसं मोजून मिळतात, परवान्यावर हिशेब राहतो. न फुटलेलं प्रत्येक काडतूस हा महागात मिळालेला पुरावा असतो आणि तो पुरता वाचायला हवा.

नातीची वही

दुसऱ्या रविवारी आबांबरोबर त्यांची नात होती. कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू-टू शिकलेली, त्यामुळे रेंजची शिस्त अंगात मुरलेली. आबा गोळी मारत होते आणि ती शेजारी बसून वहीत प्रत्येक गोळीची वेळ लिहीत होती. काडतूस फुटलं की नाही, ते हाताने चेंबरमध्ये घातलं की मॅगझिनमधून आलं, लिव्हर झटक्यात बंद केली की हळू, सगळं. न फुटलेल्या काडतुसांवर मार्करने आकडे टाकलेले आणि फुटलेल्या पुंगळ्या वेगळ्या पिशवीत जमा केलेल्या. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात इतकी व्यवस्थित माहिती घेऊन कोणी गिऱ्हाईक आलेलं नाही.

रेंजवर काडतूस फुटलं नाही की ती आजोबांना लिव्हर लगेच उघडू देत नव्हती. नळी निशाणाकडेच ठेवायची आणि मनात तीस आकडे मोजायचे. कधी मसाला धुमसत राहतो आणि गोळी उशिरा सुटते. त्या क्षणी लिव्हर उघडी असेल तर पुंगळी तोंडासमोर फुटते. दुसरी सावधगिरी आवाजाची. नेहमीच्या 'टाप' ऐवजी नुसतं 'फुस्' झालं, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. अशा वेळी रायफल रिकामी करून गज घालून नळी मोकळी असल्याची खात्री होईपर्यंत पुढची गोळी मारायची नाही. आबांच्या बाबतीत तसं एकदाही झालं नाही, पण दोन्ही गोष्टी माहीत नसतील तर मिसफायरची तपासणी करायला बसू नये.

वहीतला मजकूर असा होता. सकाळी सात दहा ते सात चाळीस, वीस गोळ्या, सात फुटल्या नाहीत. मग चहा, नाश्ता. रायफल उघडी करून उन्हात टेबलावर ठेवलेली. साडेदहानंतर आणखी वीस, त्यातल्या फक्त दोन फुटल्या नाहीत. काडतुसं त्याच खोक्यातली, मारणारा तोच. हाताने घातलेल्या आणि मॅगझिनमधून आलेल्या काडतुसांत फरक नाही. लिव्हर झटक्यात किंवा हळू बंद केल्यानेही नाही. ही शेवटची नोंद महत्त्वाची होती. लिव्हर पुरती बंद झाली नसेल तर घोड्याचा जोर बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता ठोकळा, पुढे ढकलण्यातच खर्च होतो आणि पिनला उरतो तो उष्टा जोर. ती शंका तिच्या वहीनेच काढून टाकली.

वही माझ्यापुढे ठेवून तिने विचारलं, "काका, ही रायफल उन्हात बरी होते का?"

त्या प्रश्नाने मला पहिला रविवार आठवला. मी स्प्रिंग बदलून चाचणी घेतली ती दुपारी तीनला. त्या दहा गोळ्यांचं श्रेय मी स्प्रिंगला देऊन टाकलं होतं, आणि काम केलं होतं उन्हाने.

नऊ काडतुसांची वाटणी

दुकानात दिवा आणि भिंग घेऊन तिघं बसलो. नऊ न फुटलेली काडतुसं रांगेत मांडली. पाचांवर खूण फिकी, चारांवर खोल. आकडे वहीशी ताडून पाहिले तर पाचही फिकी काडतुसं सकाळच्या गारठ्यातली. खोल खुणांपैकी दोन सकाळची, दोन ऊन चढल्यानंतरची. म्हणजे खोल खूण असून न फुटणं हे दर वीस गोळ्यांमागे दोन, थंडी असो वा ऊन. फिकी खूण मात्र फक्त थंडीत. तेही माझी नवी कडक स्प्रिंग आत असताना.

मग काडतुसं उलटी केली आणि कडेची पुढची बाजू पाहिली, जी चेंबरच्या तोंडावर टेकते. ही बाजू सहसा कोणी बघत नाही. खोल खुणांच्या चारांपैकी तिघांवर, पिनच्या घावाच्या बरोब्बर मागे, पितळेची बारीक पुटकुळी उठलेली होती, मोहरीच्या दाण्याहून लहान. चौथ्याची पुढची बाजू साफ सपाट. नंतर फुटलेल्या पुंगळ्यांची पिशवी ओतली. त्यातल्या बहुतेकांवर तीच पुटकुळी, त्याच जागी, कमी-अधिक उठावाची.

मला तिथे थांबून विचार करावा लागला. पितळ पुढे सरकलं, म्हणजे पुढे त्याला सरकायला जागा होती. पोलादी ऐरणीत जागा असायला नको. असली, तर ऐरणीला खड्डा आहे.

रेंजवाल्यांच्या परवानगीने ती नऊही काडतुसं क्लबच्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीतून एकेक करून मारून पाहिली, प्रत्येक वेळी तीस आकड्यांचा नियम पाळून. फिक्या खुणांची पाचही पहिल्या फटक्यात गेली. पुटकुळीवाली तिन्ही, कड जराशी फिरवून घातल्यावर गेली. उरलेलं सपाट कडेचं एक काडतूस तीन वेगवेगळ्या जागी फटका बसूनही फुटलं नाही. ते काडतूसच मेलेलं होतं, रायफलीचा त्यात दोष नव्हता.

पाच, तीन आणि एक. तक्रार एकच, 'गोळी फुटत नही', आणि तिच्या पोटात तीन वेगळी कारणं. एकच कारण धरून बसलो असतो तर कोणतंही औषध अर्धवटच लागू पडलं असतं, जसं स्प्रिंगचं पडलं.

खोबरेल

बोल्ट बाहेर काढला आणि तोंड खाली करून धरला. या रायफलीत पिन तिच्या खाचेत मोकळी खेळते. बोल्ट खाली-वर केला की तिचा टकटक आवाज यायला हवा. आवाज नाही. पिन जागच्या जागी. बोटाने ढकलली तर सरकली, पण लोण्यातून सुरी जावी तशी. खाचेत राखाडी मलमासारखं काहीतरी भरलेलं होतं. काडीवर थोडं घेऊन वास घेतला. बारुदाच्या काजळीखालून ओळखीचा वास आला.

"आबा, तेल कोणतं लावता?"

"खोबरेल. दर दिवाळीले. मना बाप बी तेच लावे."

बोल्ट तसाच खिडकीत उन्हात ठेवला. वीस मिनिटांनी उचलला, पिन आपोआप पुढे घसरली, टक्. रात्री दुकानातच ठेवला, सकाळी पाहिला तर पुन्हा घट्ट. खोबरेल साधारण चोवीस अंशांच्या खाली गोठतं. खानदेशात हे कोणाला समजावून सांगायची गरज नाही, डिसेंबरात न्हाणीघरातली बाटली चुलीजवळ धरल्याशिवाय तेल निघत नाही. आमचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांना भिडतो आणि हिवाळ्यात पहाटे पारा दहा-अकरावर येतो. त्यात आबा उघड्या जीपने तासभर गार वाऱ्यातून यायचे, रायफल मागच्या सीटवर. रेंजवर पोचेपर्यंत पिनभोवती मेणाचं वेष्टण झालेलं असायचं. घोडा पडायचा पूर्ण जोराने, पण तो जोर मेणात जिरायचा.

पण मग मागच्या हिवाळ्यात का नाही? तेल तर बापाच्या वेळेपासून तेच. हा प्रश्न मला सुटत नव्हता. उलगडा पुन्हा बोलण्यातून झाला. २०२४ हे निवडणुकांचं वर्ष. मार्चच्या मध्यावर लोकसभेची आचारसंहिता लागली आणि आबांना शस्त्र जमा करायला सांगितलं गेलं. रायफल काही महिने हाताबाहेर राहणार, गंज चढू नये, म्हणून त्यांनी नळीत सढळ हाताने खोबरेल ओतलं, कापडात गुंडाळली आणि जमा केली. ती दस्त्यावर उभी राहिली, नळी वर. जूनमध्ये परत मिळाली. ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता, पुन्हा तेच, पुन्हा तेल. उन्हाळ्यात पाण्यासारखं पातळ झालेलं तेल नळीतून उतरलं, वाटेतली सगळी काजळी धुऊन घेतली आणि बोल्टच्या खाचेत जाऊन बसलं. इतकी वर्षं कपाटात रायफल आडवी असायची, तेल थोडं असायचं. त्यामुळे दुखणं दबून राहिलं होतं.

कोणाचीच चूक म्हणता येणार नाही अशी ही साखळी. जपायच्या हेतूनेच तेल घातलं गेलं. पण बंदुकीला उभं ठेवायचं असेल तर आधी नळी कोरडी पुसावी. आणि खाण्याचं किंवा डोक्याला लावायचं कोणतंही तेल बंदुकीला लावू नये, असं माझं ठाम मत आहे. खोबरेल गोठतं, जवसाचं सुकून चिकट पापुद्रा धरतं. शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं, तेही सांध्यांवर थेंबभर. पिनच्या खाचेत तेवढंही नको. तिथे कोरडेपणाच बरा.

बोल्ट सुटा करून टर्पेंटाइनने धुतला, कोरडा केला. चेंबर ब्राँझच्या ब्रशने घासला. पॉइंट टू-टूच्या गोळीला बाहेरून मेणाचा थर असतो. ते मेण आणि काजळी मिळून चेंबरमध्ये एक कडक कडं धरतं आणि नवं काडतूस केसभर बाहेर राहतं. कडं होतं, फार जाड नव्हतं. माझी कडक स्प्रिंग काढून आबांची जुनी परत बसवली. ती आखूड झाली होती खरी, पण काडतूस न फुटण्याइतकी थकलेली नव्हती. शिवाय ऐरणीला खड्डा असेल तर हातोडा जड करून खड्डाच वाढतो.

चेंबरचं तोंड मात्र त्या आठवड्यात मुद्दाम तसंच ठेवलं. दोन्ही दुरुस्त्या एकदम केल्या असत्या तर कशाने किती फरक पडला ते कळलं नसतं. तिसऱ्या रविवारी सकाळी सातला, गारठ्यात, वीस गोळ्या. फिकी खूण एकही नाही. न फुटलेली दोन, दोन्हींवर खोल घाव, दोन्हींच्या पुढे पुटकुळी. वहीतल्या हिशेबाप्रमाणेच.

ऐरणीचा खड्डा

नळीच्या मागच्या तोंडावर दिवा मारला की तो साध्या डोळ्यांनी दिसत होता. चेंबरच्या काठावर, वरच्या बाजूला, पिनच्या टोकाच्या आकाराचा ठसा. तिथलं पोलाद मागे-पुढे दबून थोडं चेंबरच्या आतही आलं होतं.

रिकाम्या चेंबरवर घोडा पाडला की असा ठसा पडू शकतो. काडतूस असेल तर मध्ये पितळेची कडा असते. नसेल आणि पिन जरा लांब असेल, तर पोलाद पोलादावर आदळतं. बारा बोअरला रिकामं चालवण्याने हे होत नाही, कारण तिची पिन मधोमध, भोकाच्या पोकळीत जाते. म्हणून बारा बोअर वापरलेल्या घरांत हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

मी आबांना विचारलं, रिकामी किती वेळा चालवता? ते म्हणाले, कधीच नाही. मग नात म्हणाली, "आबा, खंडेनवमी?"

दर खंडेनवमीला घरातली सगळी शस्त्रं पाटावर मांडून पूजा होते. विळा, कोयता, नांगराचा फाळ, बारा बोअर आणि ही रायफल. पूजा झाली की रायफल रिकामी असल्याची खात्री करून आबा ती घरातल्या पोरांच्या हातात देतात आणि प्रत्येक जण लिव्हर ओढून एकदा घोडा पाडतो. आबांच्या वडिलांपासूनची रीत. एकत्र कुटुंब, पंधरा-वीस पोरं, कोणी दोनदा, कोणी पाचदा. इतक्या दसऱ्यांचे घाव त्या एका जागी साठले होते.

आबा गप्प झाले. मी त्यांना म्हटलं की रीत मोडायची गरज नाही. एक फुटलेली पुंगळी चेंबरमध्ये ठेवायची, दर वेळी थोडी फिरवायची, म्हणजे पिन पितळेवर पडेल. फक्त ती पुंगळी रिकामीच आहे हे दोघांनी डोळ्यांनी बघायचं.

दुरुस्ती दोन भागांत झाली. आधी पिन. तिचं टोक आदळून आदळून कडेने पसरलं होतं. डेप्थ गेजने मोजलं तर ती पूर्ण पुढे असताना, बोल्टच्या तोंडावर कडेसाठी जी खोलगट जागा असते तिच्याही पलीकडे, कागदाच्या जाडीइतकी बाहेर येत होती. म्हणजे रिकाम्या चेंबरवर ती नळीला टेकणारच. ऑइल स्टोनवर टोक घासून पसरलेली कड काढली आणि लांबी फक्त नळीला टेकणार नाही एवढीच कमी केली. कडेची जाडी सगळी मिळून साधारण एक मिलिमीटर, तिथे जास्त घासलं तर पिन आखूड होते आणि फिक्या खुणा कायमच्या होतात. दर चार-पाच फेऱ्यांनंतर मोजत होतो. हे काम घरी कानस घेऊन करू नये. पिन वाया जाते, आणि अशा जुन्या रायफलीची दुसरी पिन मिळणं सोपं नाही.

मग चेंबर. यासाठी सिल्व्हर स्टीलची एक कांडी लेथवर चेंबरच्या मापाची, पावणेसहा मिलिमीटरच्या आत-बाहेर, निमुळत्या टोकाची करून घेतली, पाणी देऊन कडक केली आणि आरशासारखी पॉलिश केली. ती चेंबरमध्ये घालून दबलेल्या जागी बाहेरच्या दिशेने रेटायची. धातू कापायचा नाही, खरवडायचा नाही. आत सरकलेलं पोलाद परत जागेवर दाबायचं, कपड्याला इस्त्री करतात तसं. अर्धा तास लागला. आत आलेला उंचवटा पूर्ण गेला, काठ बराचसा सरळ झाला. खड्डा शंभर टक्के भरला नाही. भिंगातून अजून सावलीसारखा दिसतो. वेल्डिंगचा मोह मी टाळला, कारण त्या उष्णतेने नळीच्या तोंडाचं काय होईल याची हमी देता येत नाही.

चौथ्या रविवारी सकाळी पावणेसातला आबांनी चाळीस गोळ्या मारल्या. सगळ्या फुटल्या. नातीने पुंगळ्या गोळा केल्या. पुटकुळ्या जवळजवळ गेलेल्या, चार-पाचांवर किंचित उठाव. जानेवारीत आणखी साठ मारल्या, त्यातलं एक काडतूस फुटलं नाही. घाव खोल, पुढची बाजू सपाट. तीस आकडे मोजून बाहेर काढलं, कड फिरवून पुन्हा घातलं, गेलं. मसाला एका जागी पातळ बसलेलं काडतूस. रिमफायरमध्ये असं अधूनमधून होतंच, त्यासाठी मी रायफल उघडली नाही.

पुटकुळीवालं एखादं काडतूस दहापैकी नऊ वेळा फुटून एकदा का अडतं, याचं उत्तरही त्या सपाट काडतुसाशी जोडलेलं असावं असं मला वाटतं. मसाला कडेत सगळीकडे सारखा नसतो. जिथे भरपूर असतो तिथे ऐरण थोडी पोकळ असली तरी पेटतो. जिथे बेताचा असतो तिथे पितळ खड्ड्यात सरकण्यात जो जोर वाया जातो, तेवढ्याने काम अडतं. पक्की ऐरण असती तर यातली बरीच काडतुसं निमूटपणे फुटली असती.

आबांची काडीपेटी मी मागून घेतली आहे. पहिल्या रविवारची सहाही काडतुसं क्लबच्या रायफलीतून मारून झाली, त्यांच्या पुंगळ्या तिच्यात आहेत, प्रत्येकीवर दोन-दोन घाव. शेजारी स्प्रिंगचा तो तुकडा, जो मी उगाच बसवला होता. दुकानात कोणी न फुटलेली काडतुसं घेऊन आलं की आधी पेटी उघडून दाखवतो, मग त्यांची काडतुसं भिंगाखाली घेतो, सगळी, दोन्ही बाजूंनी.

खड्ड्याची सावली मात्र तशीच आहे. आणखी पाचशे गोळ्यांनंतर रायफल परत आणायला सांगितली आहे. आबांच्या वेगाने त्याला दोन हिवाळे लागतील. पुंगळ्यांची पिशवी नात सांभाळते आहे, तारखांसकट.